निधी वाटण्याआधी वस्त्या मोज

नवनिर्वाचित सरपंच हिस,
अनेक आशीर्वाद.

हारतुरे उरकले की पहिल्या-दुसऱ्या मासिक सभेतच कुणीतरी सुचवेल, "आलेल्या निधीचे वॉर्डाप्रमाणे सारखे भाग करू, म्हणजे वाद नको." वाद टळेल, पण पैसा जिथे लागतो तिथे पोचणार नाही. वॉर्ड मतदानासाठी पाडलेले असतात. एकाच वॉर्डात गावठाणातली गटार-दिवे असलेली आळी येते आणि दीड किलोमीटरवरचा तांडाही. वॉर्डाचा पैसा मग आळीतच जिरतो. म्हणून हिशेब वस्तीनिहाय ठेव.

आधी कोणत्या पैशाला कोणती अट आहे ते वेगळं काढ. १५व्या वित्त आयोगाच्या काळात (२०२०-२१ ते २०२५-२६) महाराष्ट्रात ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला होता. २०२१-२२पासून ग्रामपंचायतीच्या वाट्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच होता: त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. पुढच्या आयोगाचा शासन निर्णय स्वतः वाच, ग्रामसेवकाच्या तोंडून ऐकून थांबू नकोस. घरपट्टी-पाणीपट्टीच्या स्वउत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावाच लागतो. या १५ टक्क्यांत नेहमीची हातचलाखी अशी की, दलित वस्तीच्या कडेनं कुणाच्या तरी मळ्याकडे जाणारा रस्ता करायचा आणि खर्च वस्तीच्या नावावर दाखवायचा. अंदाजपत्रकातला नकाशा मागून घे, रस्ता सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे ते बघ.

आता मोजणी. नमुना ८ (घरपट्टी आकारणीची नोंदवही) वरून घरं मोजलीस तर गायरानावरची नोंद नसलेली घरं सुटतील. जनगणनेचा आकडा गावाचा असतो, वस्तीचा नसतो. शिवाय दिवाळीनंतर मोजायला गेलीस तर ऊसतोडीला गेलेल्यांच्या दारांना कुलपं दिसतील आणि तांडा कागदावर निम्मा होईल. म्हणून पाऊसकाळात, आशाताई आणि अंगणवाडीसेविकेची कुटुंबयादी हाताशी घेऊन, प्रत्येक वस्ती पायी फिर. एका कागदावर वस्तीमागे एक ओळ पुरे: घरं, माणसं, नळ किती वेळ येतो, पावसाळ्यात रुग्णवाहिका दारापर्यंत जाते का, अंगणवाडी किती लांब, दिव्यांचे खांब किती आणि त्यातले चालू किती, गेल्या पाच वर्षांत या वस्तीवर किती रुपये पडले. शेवटचा रकाना भरताना कार्यालयात थोडी शांतता पसरेल. जुन्या मोजमाप पुस्तिकांवरून तो भरता येतो, तेव्हा सोडू नकोस.

वाटणीचं एक साधं गणित देतो. समज, १० लाख हातात आहेत. २ लाख देखभालीला आधी बाजूला काढ, नाहीतर पुढच्या वर्षी मोटार जळाली की सगळ्याच वस्त्या कोरड्या. उरलेल्या ८ लाखांतले ५ लाख लोकसंख्येवर आणि ३ लाख उणिवेवर, म्हणजे सोयी जितक्या कमी तितके जास्त, असे वाट. गावठाण १,२००, वाडी ४००, पाडा ३०० आणि तांडा १०० माणसांचा धरला तर लोकसंख्येवर ३ लाख, १ लाख, ७५ हजार आणि २५ हजार होतात. उणिवेला तक्त्यावरून गुण दे: गावठाण ०, वाडी २, पाडा ४, तांडा ४. एकूण १० गुण, म्हणजे गुणामागे ३० हजार. एकूण वाटे येतात ३ लाख, १ लाख ६० हजार, १ लाख ९५ हजार आणि १ लाख ४५ हजार.

लगेच कुणीतरी भागाकार करून दाखवेल: तांड्याला माणशी १,४५० आणि गावठाणाला २५०! उत्तर तक्त्यातच आहे. पाच वर्षांच्या खर्चाचाही तसाच माणशी भागाकार करून शेजारी लिहून ठेव. शिवाय शंभर माणसांना पाणी पोचवायला पाइप तेवढाच लांब टाकावा लागतो, माणसं कमी म्हणून अंतर कमी होत नाही.

मात्र हे वाटे त्याच वर्षी खर्च करायचा हट्ट धरू नकोस. दीड लाखात अर्धवट रस्ता होतो, पुढच्या पावसात त्याची कड वाहून जाते आणि तो पैसा गेलाच. वाट्यांचा हिशेब तीन वर्षांचा मांड: पहिल्या वर्षी तांडा आणि पाड्याचं काम पुरं, वाडी-गावठाण थांबेल. पुढच्या वर्षी उलट. क्रम ग्रामसभेच्या ठरावात वर्षासकट लिहून घे. तोंडी कबुलीवर थांबलेली वाडी दुसऱ्या वर्षी तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि का ठेवावा?

पैशाशिवायची वाटणी तर कुणी मोजतच नाही. पाणीच बघ. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे पाच जणांच्या घराला २७५ लिटर. वीस लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन टाकीजवळच्या पहिल्या नळाला जा, मग ओळीतल्या शेवटच्या घरी. शेवटच्या घरी बादली भरायला चार मिनिटं लागत असतील तर मिनिटाला ५ लिटर, म्हणजे २७५ लिटरला ५५ मिनिटं. तिथे नळ अर्धा तास येत असेल तर घराला दीडशे लिटरच मिळतात, आणि कागदावर मात्र त्या घराला नळजोडणी "आहे". कारणं बहुधा तीन: वरच्या नळांना तोट्या नाहीत, कुणी नळाला थेट मोटार लावली आहे, किंवा लांबच्या ओळीचा व्हॉल्व्ह टाकी अर्धी उपसल्यावर उघडतात. तिसऱ्याचा उपाय फुकटचा आहे. टाकी काठोकाठ भरलेली असताना दाब सर्वांत जास्त असतो, तेव्हा लांबची ओळ आधी सोडायची आणि गावठाण नंतर. व्हॉल्व्हचं वेळापत्रक पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता ठरावानं बांधून दे आणि त्याची प्रत प्रत्येक वस्तीत लाव. तोट्या बसवायला बंधित निधी चालतो. मोटारी मात्र तुलाच काढाव्या लागतील, आणि पहिली मोटार एखाद्या सदस्याच्याच घरी निघण्याची शक्यता धर.

कामं देताना तुकडे पाडू देऊ नकोस. एकाच रस्त्याचे तीन भाग म्हणजे ज्या रकमेच्या वर निविदा काढावी लागते ती मर्यादा चुकवणं, दुसरं काही नाही. पेव्हर ब्लॉकच्या प्रस्तावांकडेही जरा संशयानं बघ. ते बसवायला सोपे, बिल काढायला त्याहून सोपे, आणि मागणी बहुतेक वेळा आधीच चकाचक असलेल्या चौकातून येते. शाखा अभियंता मोजमाप घेईल तेव्हा त्या वस्तीतली दोन माणसं टेप धरायला बोलाव, त्यात एक बाई असू दे.

राहिली ग्रामसभा. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १००, यांतली कमी असेल ती. पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते, तहकूब सभेला ती अट राहत नाही, आणि मग चावडीशेजारची वीस माणसं सगळ्या गावाचा आराखडा मंजूर करतात. हे टाळायचं असेल तर आधी महिला सभा आणि वॉर्ड सभा प्रत्यक्ष वस्तीत घे, गावठाणातल्या कार्यालयात नको. वाटणीचा विषय २६ जानेवारीला ठेवू नकोस, तेव्हा तोडकरी फडावर असतात. १५ ऑगस्टला तक्ता वाचून दाखव, दुरुस्त्या घे आणि २ ऑक्टोबरला आराखडा मंजुरीला मांड. इतिवृत्त तिथल्या तिथे लिहून मोठ्यानं वाच आणि वस्त्यांच्या नावांसमोरचे आकडे अक्षरीही लिहायला लाव. खाली जागा मोकळी ठेवून सह्या घेऊ नकोस.