गोळी बंद, तरी पोटऱ्या दुखतात

"कोलेस्टेरॉलच्या गोळीने पायांतलं बळ जातं म्हणे." समुपदेशनासाठी समोर बसणाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की एकदा सविस्तर लिहायलाच हवं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

साठीला आलेले एक काका. थोरले भाऊ हार्ट अटॅकने गेलेले, यांचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं. म्हणून डॉक्टरांनी ॲटोरव्हास्टॅटिन दिली, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या 'स्टॅटिन' गटातली गोळी. आठवड्यात पोटऱ्या दुखू लागल्या. रक्ततपासणीत स्नायूंना इजा दिसली नाही. तरी माझ्याकडे येण्याच्या दोन महिने आधी काकूंनाही न सांगता त्यांनी गोळी सोडली होती.

मी गोळीची बाजू घेतली नाही. रोज रात्री वहीत दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या: दुखणं दहापैकी किती आणि दिवस कसा गेला.

पुढच्या भेटीत ते वहीकडे बघत राहिले.

"मॅडम, गोळी तर बंद आहे. मग हे सात कशाचे?"

"त्या दिवशी काय होतं?"

"दादाचं वर्षश्राद्ध." मग चाचरत, "म्हणजे मी सोंग करतोय?"

"नाही काका. दुखणं खरंच आहे. कारण मात्र गोळीच असेल असं नाही."

लंडनमधला २०२० सालचा एक अभ्यास मी त्यांना सांगितला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी औषधाविना गोळी दिली आणि काही महिने काहीच दिलं नाही. गोळी नसताना त्रास कमी होता. पण खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्याच्या सुमारे ९० टक्के औषधाविना गोळीवरही झाला. नंतर निम्म्यांनी औषध पुन्हा सुरू केलं.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गोळी हातात घेतली की वाटायचं, आता माझा नंबर."

हे वाक्य त्यांचं त्यांना सापडलं, याचं मला मोल वाटतं. विचार आणि शरीर वेगळे नाहीत, ही माझ्या कामाची धारणाच आहे. अपेक्षेतलं दुखणंही पोटरीतच दुखतं, म्हणून "मनाचे खेळ" म्हणून कुणाला गप्प करू नका.

स्टॅटिनने क्वचित स्नायूंना खरीच इजा होते. तीव्र वेदना, अशक्तपणा, गडद रंगाची लघवी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काहींची साखर थोडी वाढते, तेही विचारा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका. केलंच असेल तर लपवू नका.

काकांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. आता कमी डोस चालू आहे. वहीत बहुतेक दिवशी दोन-तीन असतात.