बंद चुलीभोवतीच्या मातीच्या भिंतीवर टाइल टिकतील का?

गॅस आल्यापासून गावच्या घरातील चूल बंद आहे, ती तशीच जपून तिच्या मागच्या मातीच्या भिंतीला टाइल लावता येतील का, असे आपण विचारले आहे. टाइल लावता येतील, मात्र मातीवर थेट लावू नयेत. वर्धा जिल्ह्यातील आमच्या घरी आम्ही नेमके तेच केले होते. मिस्त्रींनी काजळी वरवर झाडून सिमेंटचा गिलावा चढवला आणि दिवाळीच्या सुमारास टाइल बसवल्या. दुसऱ्या पावसाळ्यात त्या गिलाव्यासकट, पाठीला मातीचा पापुद्रा घेऊन, खाली आल्या. आई तेव्हा अंगणात होती, म्हणून इजा टळली.

मातीची भिंत पावसाळ्यात ओल धरते व फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते. सिमेंट मात्र ताठ राहते, त्यामुळे दोघांची पकड सुटत जाते. त्यात वर्षानुवर्षांच्या धुराचा तेलकट थर असेल तर सिमेंट मुळात धरतच नाही, आणि वर टाइल असल्यामुळे ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही मातीच्या भिंतीला हात न लावता, तिच्यापुढे एक इंच जागा सोडून, भाजक्या विटांची चार इंची, कमरेपेक्षा थोडी उंच अशी वेगळी भिंत उभारली. ती शेणाने सारवलेल्या जमिनीवर उभी करू नये. खाली काँक्रीटचा थर हवाच. मधली पोकळी वरून बुजवू नये, तेथे बारीक जाळी बसवावी, म्हणजे हवा खेळते आणि विंचू-उंदीर शिरत नाहीत. चुलीच्या तोंडावर विटा अधांतरी राहू नयेत, यासाठी आम्ही दगडी पट्टी टाकली. या विटांवर एकास चार प्रमाणाचा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) गिलावा करून तो सात दिवस पाणी शिंपडून ओला ठेवला. पाइपने पाणी मारल्यास ते मागच्या मातीत मुरते.

टाइल साध्या सिरॅमिकच्या घ्याव्यात. सिमेंटमध्ये बसवणार असाल तर त्या आधी काही तास पाण्यात भिजवाव्यात, अन्यथा त्या सिमेंटमधील पाणी शोषून घेतात. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून तिला टाइलचा तयार गोंदच लागतो. मांडणी चुलीच्या तोंडाच्या मध्यापासून सुरू करावी, म्हणजे कापलेले तुकडे दोन्ही कोपऱ्यांत समान येतात. पहिली ओळ जमिनीवर न टेकवता पाणसळीत धरलेल्या लाकडी पट्टीवर बसवावी, कारण जुन्या घराची जमीन क्वचितच सपाट असते. सांधा दोन मिलिमीटरचा पुरे. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करावे. आपल्याकडच्या मे महिन्यात सिमेंट घट्ट होण्यापूर्वीच त्यातील पाणी उडून जाते.

धुराडे असेल तर त्याचे वरचे तोंड पत्र्याने झाकावे, पण बाजूने जाळीची फट ठेवावी. पूर्ण बंद केल्यास आत ओल साचते, आणि उघडे ठेवल्यास पावसाचे पाणी काजळी घेऊन खाली झिरपते व तपकिरी डाग पडतात.

एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांना आधीच विचारावी: सणाला ही चूल पुन्हा पेटणार आहे का? पेटणार असेल तर तिच्या तोंडालगत टाइल लावूच नयेत, कारण अचानक लागलेल्या आचेने टाइलला तडे जातात. आमच्या आईला पुरणपोळी चुलीवरचीच हवी असते, म्हणून आम्ही परसात तिच्यासाठी दुसरी चूल घातली आणि मगच आतल्या चुलीचे काम हाती घेतले.