पहिली माइल्ड सिगार ओढताना
पहिलीच वेळ आहे ना, मग मॅकानुडो कॅफे नावाची सिगार घे. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये वळलेली, वरून कनेक्टिकट शेड या तंबाखूचं फिकट तपकिरी पान. हे पान शेतात कापडाच्या सावलीखाली वाढवतात, म्हणून ते पातळ आणि चवीला सौम्य. पेटवण्याआधी नुसतीच ओढून बघ, सुक्या गवताची चव जिभेवर येते. धूर छातीत अजिबात घेऊ नकोस, तोंडातच घोळव. मिनिटाला एक झुरका, बास! घाई केलीस की सिगार तापते आणि सगळं कडू होतं. माझ्या पहिल्या दोन अशाच वाया गेल्या. थोडा धूर नाकावाटे सोड, साय आणि भाजलेले काजू खरे तिथेच कळतात. शेवटच्या तिसऱ्या भागात चव तिखट झाली की आपोआप विझू दे. आणि जेवून बस, रिकाम्या पोटी निकोटिनने गरगरतं.