आधी जहाजं मोजा, मग नियम निवडा

अंतराळयानांच्या लढाईचा, टेबलावर खेळायचा वास्तववादी खेळ निवडायचा असेल, तर ‘वास्तव’ म्हणजे तुम्हाला नेमकं काय हवंय, ते आधी ठरवा. बहुतेकांना हवा असतो जडत्वाचा नियम: इंजिन बंद केलं तरी जहाज त्याच वेगाने पुढे जातं, आणि थांबायचं तर उलटा जोर लावावा लागतो. ते शिकायला १९७३चा ‘ट्रायप्लॅनेटरी’ अजूनही उत्तम. षटकोनी घरांच्या नकाशावर पेन्सिलीने वेगाची रेघ ओढायची, बस.

‘अटॅक व्हेक्टर: टॅक्टिकल’मध्ये तिन्ही मिती आहेत, जहाजाची उष्णताही मोजावी लागते. मला तो फार आवडतो, पण दोघांकडे एकेक जहाज असेल तेव्हाच. एकदा हौसेने प्रत्येकी सहा जहाजं घेतली. संध्याकाळ संपली तरी पहिला गोळा सुटला नव्हता!

ताफ्याची लढाई हवी असेल तर ‘फुल थ्रस्ट’ घ्या. नियम इंटरनेटवरून फुकट उतरवता येतात, आणि साध्या हालचालीऐवजी व्हेक्टर हालचालीचा, म्हणजे जडत्व पाळणाऱ्या हालचालीचा, पर्यायही त्यात आहे. सुरुवातीला प्रत्येकी तीनच जहाजं, तीही लहान. जहाजांच्या महागड्या प्रतिकृती नंतर. तोवर पुठ्ठ्याचे बाण चालतात, फक्त नाक कुठल्या दिशेला आहे ते दिसलं पाहिजे.