परवाना मिळाला की कंपनीची जबाबदारी संपते का?

तुमचा प्रश्न असा आहे: रसायन बंदीच्या यादीत नव्हतं, कागदपत्रं चोख होती, पुढे कुणीतरी त्यातून शस्त्र बनवलं, तर विकणाऱ्या कंपनीला दोष का द्यायचा? मी बरीच वर्षं रसायनांच्या निर्यातीची कागदपत्रं बघितली आहेत. माझ्या मते दोष द्यावा की नाही, हे कंपनीला काय माहीत होतं यावर ठरतं. आणि आपला माल कशाकशासाठी लागतो हे तो बनवणाऱ्याइतकं कस्टम्सच्या अधिकाऱ्यालाही ठाऊक नसतं.

थायोडायग्लायकॉलचंच बघा. बॉलपेनच्या शाईत आणि कापड रंगवायला ते लागतं, आणि मस्टर्ड गॅस हा युद्धात वापरला जाणारा विषारी वायूही त्यापासूनच बनतो. फ्रान्स व्हान अनराट या डच व्यापाऱ्याने 1980च्या दशकात ते 1,100 टनांहून जास्त सद्दामच्या इराकला पुरवलं. इराकने इराणी सैनिकांवर आणि स्वतःच्याच कुर्द नागरिकांवर विषारी वायू सोडले. 16 मार्च 1988 रोजी एकट्या हलब्जा शहरात हजारो माणसं मेली. 2005 मध्ये हेगच्या न्यायालयाने या व्यापाऱ्याला युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल 15 वर्षांची शिक्षा दिली आणि अपिलात ती वाढली. वंशसंहाराच्या आरोपातून मात्र तो सुटला, कारण इराकचा तो हेतू त्याला माहीत होता हे सिद्ध झालं नाही. या मालाचा विषारी वायू होणार हे त्याला माहीत होतं, एवढं मात्र सिद्ध झालं.

राहिला यादीचा प्रश्न. यादी नेहमी उशिरा येते. इराण-इराक युद्धात रासायनिक अस्त्रं वापरली गेल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी 1984 मध्ये सांगितलं, आणि अशा रसायनांच्या निर्यातीवर एकत्रित लक्ष ठेवण्यासाठी ऑस्ट्रेलिया ग्रुप हा देशांचा गट जमला 1985 मध्ये. रासायनिक अस्त्रबंदी करार लागू व्हायला 1997 उजाडलं. तोवर ज्यांची फुप्फुसं जळायची ती जळून गेली होती. म्हणून ‘यादीत नव्हतं’ हे उत्तर मला कधीच पुरेसं वाटत नाही.

कंपनी म्हणजे नेमकं कोण, हाही प्रश्न आहेच. झायक्लॉन बी मुळात कीटकनाशक. ते माणसं मारण्यासाठी नाझी छावण्यांना पुरवल्याबद्दल 1946 मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाने ब्रूनो टेश या मालकाला आणि त्याच्या हाताखालच्या प्रमुखाला फाशी दिली. त्याच खटल्यातला तंत्रज्ञ मात्र सुटला, कारण पुरवठा थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. ज्याला ‘नको’ म्हणता येतं, त्याच्यावर भार जास्त.

माझ्याकडे एकदा एका दलालाची मोठी ऑर्डर आली होती. अंतिम वापराच्या प्रमाणपत्रावर ‘औद्योगिक उपयोग’ एवढंच लिहिलेलं. कारखाना कुठला, प्रक्रिया कोणती, असं विचारल्यावर तो म्हणाला, “सगळे पैसे आगाऊ देतो, मग चौकशी कशाला?” आमचे साहेब आधी माझ्यावरच वैतागले. मी त्यांना म्हटलं, खरा रंगारी असता तर कुठला रंग, कुठलं कापड हे न विचारता सांगत बसला असता. ऑर्डर परत गेली. तुम्ही अशाच खात्यात असाल तर ‘काय बनवणार?’ हे जरूर विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.