रुरल ऑस्ट्रेलियात पहिल्या पोस्टिंगला निघालीस, त्याआधी थोडं

अगं, ऑफर लेटर आलं हे वाचून खूप बरं वाटलं, मनापासून अभिनंदन. आता मी लगेच लेक्चर द्यायला बसलेय असं वाटेल तुला, पण निघायच्या आधी हे बोलायलाच हवं. परीक्षेसाठी अ‍ॅबोरिजिनल हेल्थ, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं आरोग्य, वाचलं असशीलच. 2020–22 च्या आकड्यांप्रमाणे अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरचे मूळ रहिवासी) पुरुषांचं आयुर्मान बाकीच्यांपेक्षा 8.8 वर्षांनी कमी आहे आणि बायकांचं 8.1 वर्षांनी. डायबेटिस, किडनी, एका घरात दाटीवाटीने राहणारी माणसं, गरिबी ही कारणं पुस्तकात असतात आणि ती खरीच आहेत, पण पेशंट दवाखान्याच्या दारात आल्यावर त्याच्याशी कसं वागतात हे कारण कायम मागे राहतं.

नेओमी विल्यम्सची केस पूर्ण वाच. विराजुरी या मूळ रहिवासी समाजाची 27 वर्षांची मुलगी, सहा महिन्यांची गरोदर, न्यू साऊथ वेल्समधल्या ट्युमटची. आधीचे कितीतरी महिने पोटदुखी आणि उलट्यांसाठी ती दवाखान्याच्या फेऱ्या मारत होती. तिला ड्रग्ज-अल्कोहोलवाल्यांकडे पाठवलं, पण पोटाच्या स्पेशालिस्टकडे कोणी पाठवलं नाही. 1 जानेवारी 2016 ला मध्यरात्रीनंतर ती पुन्हा गेली तर पॅरासिटामॉल देऊन साधारण अर्ध्या तासात घरी सोडलं, आणि त्याच दिवशी ती सेप्सिसने (इन्फेक्शन अंगभर भिनून) गेली. 2019 मध्ये कोरोनरने, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने, तिच्या ट्रीटमेंटमागे मनातला पूर्वग्रह होता यावर स्पष्ट बोट ठेवलं. बघ, यात कोणी शिवी दिली नाही की कोणी हाकलून दिलं नाही, फक्त हात लावायच्या आधीच ती कशी असणार हे ठरलेलं होतं.

म्हणून तुला एकच सांगते, असं ठरवून टाकण्यापासून स्वतःला जप. जुन्या फाईलमध्ये ‘ऐकत नाही’, ‘दारू’, ‘गोळ्यांसाठी येतो’ असं काही दिसलं ना, तर ते बाजूला ठेव आणि पल्स, बीपी, टेम्परेचर, श्वास स्वतः बघ, हिस्टरी पहिल्यापासून घे. तीच तक्रार घेऊन पेशंट तिसऱ्यांदा आला तर सीनियरला फोन लाव, रात्रीचे तीन वाजले असले तरी लाव.

आणि आपणही ब्राऊन आहोत, आपण कसला रेसिझम करणार, असं मनात येईल तुझ्या. तुलाही कोणीतरी पेशंट म्हणेल की मला इथला डॉक्टर द्या, वाईट वाटेल, आणि वाटायलाच हवं. पण टी-रूममध्ये कोणी ‘या लोकांचं असंच असतं’ म्हणालं की नवीन माणसाला हो ला हो करण्याचा मोह होतो, चारचौघांत आपलं मानलं जावं म्हणून. आणि खरं सांगू, ते वाक्य आपल्याला काही नवीन नसतं, नंदुरबार-मेळघाटकडच्या आदिवासी पेशंटबद्दल आपल्याच वॉर्डांत ‘हे लोक ऐकतच नाहीत’ म्हणतात की नाही? आपण ते ऐकत ऐकतच डॉक्टर झालो. तिथे मान डोलावू नकोस, भांडायचं नसेल तर नको भांडूस, पण ‘मी जाऊन बघून येते’ म्हणून उठ तरी.

पेशंट गप्प बसला, उत्तर देईना, तर त्याला उद्धट समजू नकोस. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात 1908 ते 1919 मध्ये अ‍ॅबोरिजिनल माणसांना गुप्तरोगाच्या संशयावरून पकडून, कधीकधी साखळ्या घालून, बर्नियर आणि डोर बेटांवरच्या ‘हॉस्पिटल’मध्ये नेऊन ठेवत होते, कित्येक जण परत आलेच नाहीत. शिवाय सरकार त्यांची पोरंच काढून न्यायचं, काही अगदी मॅटर्निटी वॉर्डातून. ज्या म्हातारीच्या घरात हे घडलंय तिने तुझ्यावर पहिल्याच भेटीत का विश्वास ठेवावा?

एका बाबतीत मात्र तुझं इथलं शिक्षण फार कामाला येईल, ते म्हणजे रुमॅटिक हार्ट, घशाच्या इन्फेक्शननंतरच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होतात तो आजार. आपण सिव्हिलमध्ये हे किती बघितलंय, तिकडे शहरात शिकलेल्या पोरांनी बहुतेक पुस्तकातच वाचलेलं असतं, कारण तिथे हा आजार जवळजवळ फक्त अ‍ॅबोरिजिनल वस्त्यांतच उरलाय. क्वीन्सलँडच्या डूमाजीत 2019–20 मध्ये तीन बायका त्यानेच गेल्या. त्यामुळे ताप आणि सांधेदुखी घेऊन आलेल्या पोराला पॅनाडॉल (पॅरासिटामॉलच) देऊन घरी पाठवू नकोस, आधी छातीला स्टेथो लाव, आणि आजार परत उलटू नये म्हणून द्यायचं पेनिसिलिनचं महिन्याचं इंजेक्शन चुकलं असेल तर ओरडू नकोस, का चुकलं ते विचार, गाडी नव्हती की क्लिनिक बंद होतं की मागच्या वेळी कोणी काही लागेल असं बोललं होतं.

कोणी उपचार अर्धवट सोडून निघालं तर फॉर्मवर सही घेऊन मोकळी होऊ नकोस. पाच मिनिटं बस, विचार. घरी लहान पोरं असतील, कुणाची मयत असेल, नाहीतर कोणी अपमान केला असेल. अ‍ॅबोरिजिनल लायझन ऑफिसर (पेशंट आणि हॉस्पिटलमधला दुवा असणारा त्यांच्याच समाजातला माणूस) असेल तर तेव्हाच बोलाव.

गावात अ‍ॅबोरिजिनल लोकांची स्वतः चालवलेली मेडिकल सर्व्हिस आहे का ते आत्ताच शोधून ठेव. 1971 मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये त्यांनी पहिली काढली ती दवाखान्यांतल्या याच वागणुकीला कंटाळून, आता देशभर आहेत. पहिल्याच आठवड्यात तिथे जा, तिथल्या हेल्थ वर्करना भेट, आणि तुमच्या लोकांना आमच्या इमर्जन्सीत यायला नको का वाटतं हे सरळ विचार. काय म्हणाले ते मला फोन करून सांग, रविवारी मी घरीच असते.

तुझी,
काकू