छत्रीच्या काठाखाली

सीताबर्डी, नागपूर

प्रिय मित्रा,

परवा तू केलेला 'माय नेबर टोटोरो' या जपानी ॲनिमेशनपटातला बसस्टॉप व्हीआर (आभासी जग दाखवणारा) हेडसेट डोळ्यांना लावून पाहिला. झाडं, पाटी, खांबावरचा दिवा, सगळं जागच्या जागी. पण हेडसेट चढवताच टोटोरो, तो जंगलातला अगडबंब केसाळ प्राणी, समोर उभा! तिथे मी खट्टू झालो.

दिग्दर्शक मियाझाकींच्या १९८८च्या त्या चित्रपटात तो असा येत नाही. शाळकरी सात्सुकी पावसात बाबांची वाट पाहतेय. बस येऊन जाते, बाबा उतरत नाहीत. धाकटी बहीण मे तिच्या पाठीवर झोपते, अंधार दाटतो. मग छत्रीच्या काठाखालून आधी दिसतात ती फक्त नखांची पावलं.

पडद्यावर हे कॅमेऱ्याच्या चौकटीने साधतं. हेडसेटमध्ये चौकटच नाही, माणूस हवी तिकडे मान वळवतो. म्हणून छत्रीलाच चौकट कर. बघणाऱ्याच्या हातात उघडी छत्री दे. तिच्या कडेने वरचं अर्धं जग झाकलं जाईल आणि पावलं आपोआप आधी दिसतील. दुसऱ्या हातात बाबांसाठी आणलेली मिटलेली छत्री. ती त्याने स्वतःहून पुढे केल्याशिवाय टोटोरोने घ्यायची नाही. कोणी नाहीच दिली, तर दोघांनी तसंच पावसात उभं राहावं. दृश्य पुढे ढकलू नकोस. आणि टोटोरो येण्याआधी निदान दोन मिनिटं काहीही घडू देऊ नकोस. वाट पाहिल्याशिवाय या दृश्यात काही उरत नाही रे.

मोठ्या माणसाची नजर सात्सुकीच्या उंचीपर्यंत खाली आणलीस तर त्याचा जमिनीचा अंदाज चुकतो. त्यापेक्षा सगळं जगच सव्वापट मोठं कर, तो आपसूक सात्सुकीएवढा होईल. टोटोरो उडी मारून आदळतो तेव्हा बघणाऱ्याची नजर हलवू नकोस, पोटात ढवळतं. डबकं हलू दे, हातातला कंट्रोलर थरथरू दे, झाडांवरचं पाणी एकदम छत्रीवर कोसळू दे.

चित्रपटाचे कला दिग्दर्शक काझुओ ओगांच्या रंगवलेल्या पार्श्वभूमीचा मोह मला कळतो. पण आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे जवळचं सपाट चित्र लगेच पुठ्ठ्यासारखं दिसतं. चार-पाच पावलांवरची झाडं खरी घडव, लांबची रंगवलेली चालतील. प्रकाश चित्रातच रंगवलेला आहे, वर आणखी दिवे टाकू नकोस. टोटोरोची चाल तू फार गुळगुळीत केलीस. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, त्यातही एकेक चित्र बहुधा दोन-तीन फ्रेम थांबतं. त्याची हालचाल तशीच ठेव. हेडसेटला सेकंदाला ७२ फ्रेम लागतात त्या बघणाऱ्याच्या वळणाऱ्या मानेसाठी.

तुझं दृश्य अडकत होतं ते पावसामुळे. ७२ला एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १४ मिलिसेकंद येतात, आणि पारदर्शक थेंब एकावर एक आले की हेडसेटला तेच पुन्हा पुन्हा रंगवावं लागतं. थेंब फक्त भोवतीच्या दोन-तीन मीटरांत पाड, पलीकडे नुसता झिरझिरीत पडदा पुरे.

आवाज मात्र विकतचा वापरू नकोस. छत्रीवर पावसाची बारीक सर वेगळी वाजते आणि पानावरून ठिबकणारा जाड थेंब वेगळा. टोटोरोला आनंद होतो तो त्या जाड थेंबाने. झड लागली की सेमिनरी हिल्सच्या झाडांखाली जाऊ. रेकॉर्डर तू घे, छत्र्या मी आणतो, दोन.

तुझा,
सर